बँकॉकमध्ये मुक्काम कुठे टाकायचा: सुखुमवित की जुनं शहर?

तिकिटं निघाली की घरात कुणीतरी मोबाइलवर नकाशा उघडतं आणि वादाला तोंड फुटतं. राजवाडा, वात फो, वात अरुण (वात म्हणजे देऊळ) हे सगळं जुन्या शहरात नाहीतर त्याच्या समोर नदीकाठी आहे, मग हॉटेलही तिथेच घेऊ, असं एक मत. तेवढ्यात एकदा बँकॉकला जाऊन आलेला मेहुणा ठासून सांगतो, "सुखुमवितलाच राहा, दुसरीकडे बघूच नका." मी दोन्हीकडे राहिले आहे, एकदा मैत्रिणीबरोबर जुन्या शहरात आणि एकदा सासू-सासऱ्यांना घेऊन सुखुमवितला. मेहुण्याचं बरंचसं बरोबर आहे, पण सगळं नाही.

नकाशा फसवतो तो असा. ही तीन ठिकाणं मिळून एक दिवस जातो, फार तर दीड. हॉटेलवर मात्र रोज परतावं लागतं, तेही उन्हाने शिजून, हातात पिशव्या घेऊन, संध्याकाळी पाचच्या वाहतुकीत. त्यामुळे काय बघायचं याआधी संध्याकाळी कसं परतायचं ते ठरवा. बँकॉकचे रस्ते दुपारी चारपासून रात्री आठपर्यंत तुंबलेले असतात. त्या वेळी रूळ आणि पाणी एवढंच खरं वेगाने चालतं.

रुळांवर सुखुमवितची सरशी

सुखुमवित हा एक रस्ता आहे आणि तो बँकॉकमध्ये संपतही नाही, पार कंबोडियाच्या सीमेकडच्या त्रात प्रांतापर्यंत जातो. आपल्याला त्यातला नाना ते एक्कमाई एवढाच तुकडा हवा. या तुकड्याच्या बरोबर डोक्यावरून बीटीएस धावते. ही उन्नत रेल्वे १९९९ साली सुरू झाली. असोक स्थानकाला (हो, आपल्या अशोकातला अशोक) तिची गाठ एमआरटी या भुयारी रेल्वेशी पडते. तिथे एमआरटीच्या स्थानकाचं नाव मात्र सुखुमवित आहे. दोन्ही गाड्या मध्यरात्रीपर्यंत असतात. तिकिटं वेगवेगळी, एकाचं दुसरीत चालत नाही, त्यामुळे असोकला बदलताना बाहेर पडून पुन्हा रांग लावावी लागते.

जुन्या शहरात, म्हणजे रत्तनकोसिनमध्ये, बीटीएस नाहीच. एमआरटी २०१९ साली त्याच्या दक्षिण टोकाला पोहोचली. साम योत आणि सनाम चाय ही ती दोन स्थानकं. सनाम चाय राजवाड्याच्या दालनासारखं सजवलेलं आहे, नुसतं बघायला उतरलात तरी चालेल. पण बहुतेक पाहुणे राहतात ते उत्तरेला, खाओ सान, रामबुत्री, फ्रा आर्थित या गल्ल्यांत, आणि तिथून सनाम चाय चालत जाण्याजोगं नाही. एमआरटीच्या नव्या जांभळ्या मार्गिकेचं भुयार सध्या जुन्या शहराखालून खणतायत, म्हणजे रस्ते आणखी अडलेले. काम पूर्ण झालं की हा सगळा हिशेब बदलेल.

उलट सुखुमवितहून राजवाडा गाठणं वाटतं तितकं जिकिरीचं नाही. असोकहून एमआरटीने अर्ध्या तासात सनाम चाय. तिथून वात फो पाच-सात मिनिटांवर. राजवाड्याचं प्रवेशद्वार मात्र उत्तरेच्या बाजूला, ना फ्रा लान रस्त्यावर आहे. लांबच लांब पांढऱ्या भिंतीच्या कडेने पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. साडेआठला दार उघडतं तेव्हाच पोहोचा. अकरानंतर त्या फरशीवर पाय ठेववत नाही.

पाण्यावर जुनं शहर पुढे

मेहुण्याच्या बोलण्यात नेमकं हेच नसतं. फ्रा आर्थितच्या धक्क्यावरून चाओ फ्राया नदीची नारिंगी झेंड्याची बोट धरली की सोळा-सतरा बाटांत ता तियन, पुढे फुलबाजार, पुढे चायनाटाउन आणि शेवटी सफान ताक्सिन. तिथे बीटीएस हाताशी येते. ता तियनहून पलीकडच्या काठावरच्या वात अरुणला होडीने पाच बाट. कामावर जाणारी माणसं, शाळेची मुलं, भगव्यातले भिक्खू आणि आपण, सगळे एकाच बोटीत. पर्यटकांसाठी निळ्या झेंड्याची महागडी बोटही आहे. धक्क्यावरचा माणूस तीच तुमच्या गळ्यात मारू पाहील, तेव्हा नारिंगीच मागा.

दुसरी बोट जास्त मजेची, आणि या तुलनेत जास्त महत्त्वाचीही, कारण ती दोन्ही मुक्कामांना जोडते. सेन सेप कालव्यावर सोनेरी टेकडीजवळच्या फान फा धक्क्यावरून सुटते, प्रतुनामला बदलायची, पुढे नाना, असोक, थोंग लो. भाडं दहा ते वीस बाटांच्या आसपास. पाणी काळं आणि वासाचं. समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेल्याने दोरी ओढून ताडपत्री वर करायची, हा तिथला अलिखित नियम. हेल्मेट घातलेल्या कंडक्टर बाई बोटीच्या काठावरून, बाहेरून, तिकिटं फाडत चालतात. वर रस्ता गच्च भरलेला असताना खालून ही बोट सणाणत निघून जाते. सासूबाईंना यात चढवायचं धाडस मी केलं नाही. बोट धक्क्याला नीट लागून थांबतच नाही, उडी मारल्यासारखं चढावं-उतरावं लागतं. गुडघे दुखत असतील तर नाद सोडा. आणि संध्याकाळी सातनंतर दोन्हींपैकी कुठल्याच बोटीवर विसंबू नका. जुन्या शहरात राहणाऱ्याची खरी अडचण तिथेच सुरू होते. रात्री सयाम या खरेदीच्या भागातल्या मॉलमधून परतायला टॅक्सीच उरते.

पहाटे उतरल्यावर

मुंबईहून बरीच विमानं रात्री निघून पहाटे बँकॉकला टेकतात. घड्याळ दीड तास पुढे. सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरातून सकाळी लवकर रेल्वे सुरू होते, ४५ बाटांत आणि अर्ध्या तासात फाया थाईला सोडते. तिथे बीटीएस. त्याआधी मक्कासानला उतरून एमआरटी धरली तर सुखुमवित एकच स्थानक. रेल्वेच्याच मजल्यावर पैसे बदलायची दुकानं आहेत, वरच्या मजल्यांपेक्षा तिथे दर बरा मिळतो. एटीएममधून काढाल तर परदेशी कार्डावर दर वेळी दोनशेहून जास्त बाट शुल्क कापलं जातं, म्हणून थोडेथोडे काढू नका.

खाओ सानकडे जायचं तर सुवर्णभूमीहून एस-वन बस आहे, आणि विमान डॉन मुआंग या दुसऱ्या विमानतळावर उतरणार असेल तर ए-फोर. माणशी पन्नास-साठ बाट. चौघं असाल तर मी सरळ टॅक्सी सांगेन: मीटरवर ३५ बाटांपासून सुरुवात, विमानतळाचे वेगळे ५० आणि द्रुतगती मार्गाचा टोल. पहाटे रस्ते मोकळे असतात, त्यामुळे विमानतळावरून येण्यापुरता दोन्ही ठिकाणांत फारसा फरक पडत नाही. संध्याकाळी उतरणार असाल तर मात्र सुखुमवित आणि रेल्वे.

खोली दुपारी दोनच्या आधी मिळेल असं धरून चालू नका. सामान हॉटेलात ठेवून बाहेर पडा. आणि थायलंडला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र भरा. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे आणि फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळं नकली समजा.

जेवण

मांसाहारी माणसाला दोन्हीकडे चैन आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. प्रश्न आपल्या शाकाहाऱ्यांचा. 'भाजी' म्हणून मागवलेल्या ताटात मासळीचं पाणी, म्हणजे नाम प्ला, सर्रास असतं, आणि दुकानदाराच्या मते ते मांस नव्हेच. त्यासाठी 'जे' हा एक शब्द पाठ करा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर, घाईत पाहिलं तर इंग्रजी १७ वाटावं असं. 'जे' म्हणजे मांस-मासे-अंडं-दूध नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या काकूंना आणि जैन शेजाऱ्यांना हे ऐकून धीर येईल. ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवसांचा 'जे' उत्सव असतो. तेव्हा चायनाटाउनची मुख्य गल्ली याओवरात पिवळ्या झेंड्यांनी भरते आणि शाकाहाऱ्यांची दिवाळी होते.

एरवी सुखुमवितची बाजू वरचढ. नाना ते असोक पट्ट्यात भारतीय खानावळी पावलोपावली आहेत, दर मात्र मुंबईच्या उडपी हॉटेलाशी ताडून बघू नका. असोकच्या टर्मिनल ट्वेंटीवन मॉलमध्ये वरच्या मजल्यावरचं फूडकोर्ट आश्चर्य वाटावं इतकं स्वस्त, तिथे शाकाहारी गाळाही आहे. सासरे चार दिवसांत तीनदा तिथेच जेवले.

जुन्या शहराचं उत्तर फाहुरत. साम योत स्थानकाजवळची ही कापडबाजाराची गल्ली म्हणजे तिथलं छोटं भारत. सोनेरी घुमटाचं मोठं गुरुद्वार आहे, लंगर आहे, आजूबाजूला पुरी-भाजी आणि चहा. चव सुखुमवितपेक्षा घरगुती. पण खाओ सानहून तिथे जायला टुकटुक, म्हणजे थाई रिक्षा, नाहीतर टॅक्सी लागते.

गल्ल्या, आणि रात्री

सुखुमवितच्या गल्ल्यांना सोई म्हणतात. विषम आकडे एका बाजूला, सम दुसऱ्या. इथे नवखा माणूस हमखास गंडतो: समोरासमोरचे आकडे जुळत नाहीत. सोई २१ च्या समोर सोई १६ येते, ५५ च्या समोर ३८. आणि 'सोई २२ वर हॉटेल' याचा अर्थ तोंडाशीही असू शकतो आणि किलोमीटरभर आतही. खोली घेताना स्थानकापासूनचं चालण्याचं अंतर बघा, पाचशे मीटरच्या वर असेल तर सोडून द्या. आत जायला नारिंगी बंडीतले मोटरसायकलवाले असतात, पण आजी-आजोबांना मागे बसवणार आहात का?

घरच्यांबरोबर असाल तर आणखी एक गोष्ट. सोई ४ चं तोंड आणि सोई २१ व २३ च्या मधली गल्ली हे उघडउघड रात्रीचे बाजार आहेत. धोका वाटावा असं काही नाही, पण सासऱ्यांसोबत तिथून चालत हॉटेलवर जाणं मला तरी नको. फ्रोम फोंग, थोंग लो, एक्कमाई ही पुढची स्थानकं निवांत. फ्रोम फोंगला जपानी कुटुंबांची वस्ती, बागही जवळ.

जुन्या शहरात त्रास वेगळ्या प्रकारचा. खाओ सान या नावाचा अर्थ कांडून साफ केलेला तांदूळ, कारण कधीकाळी तिथे तांदळाचा बाजार भरायचा. आता रात्री दोनपर्यंत ध्वनिवर्धक भरतात. त्या गल्लीवर खिडकी असलेली खोली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. दोनशे-चारशे मीटर बाजूला, फ्रा आर्थित किंवा सामसेनच्या गल्ल्यांत, झोप लागते. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा पाणी उडवण्याचा सण असतो, तेव्हा हा सगळा भाग ओलाचिंब होतो. आपल्या रंगपंचमीची हौस असेल तर त्याच दिवसांत या, नाहीतर अजिबात नको.

राजवाड्याच्या आसपास सभ्य कपड्यातला एखादा माणूस गोड बोलून सांगेल, "आज राजवाडा बंद आहे, सण आहे. चला, चाळीस बाटांत चार देवळं दाखवतो." राजवाडा सहसा बंद नसतो. ते टुकटुक खड्यांच्या आणि शिंप्याच्या दुकानात जाऊन थांबतं. पहिल्या वेळी मी आणि मैत्रीण त्याला भुललो, आणि सूट न शिवता बाहेर पडायला आम्हाला पाऊण तास लागला.

पैसे

एकाच भाड्यात सुखुमवितला उंच इमारत, लिफ्ट, गच्चीवर तरणतलाव मिळतो. तेवढ्याच पैशांत जुन्या शहरात दोन मजली लाकडी जिना, छोटी खोली आणि दारात चाफा. अगदी कमी बजेटचं काही हवं असेल तर जुनं शहर स्वस्त पडतं, पण रोजच्या दोन टॅक्सींत ती बचत निम्मी होते.

मग कुठे?

ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुलं बरोबर असतील, खरेदी करायची असेल, किंवा पहिलीच परदेशवारी असेल तर सुखुमवित, आणि तेही फ्रोम फोंग किंवा थोंग लो. इथे मी जराही डगमगणार नाही. बीटीएसच्या प्रत्येक जिन्याशी लिफ्ट नसते, ती रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

दोघंच असाल, पायांत बळ असेल आणि पहाटे उठायची सवय असेल तर जुनं शहर. सकाळी सहाला सांती चाय प्राकानच्या बागेत नदीकाठी बसायचं, अंधार पडल्यावर पाक ख्लोंग तलातच्या फुलबाजारात झेंडूच्या माळांच्या राशींमधून हिंडायचं. सुखुमवितहून हे करायला गेलात तर होतं, पण मुद्दाम ठरवून, घड्याळ बघत.

पाच-सहा रात्री असतील तर मी दोन तुकडे करेन. आधी दोन रात्री जुन्या शहरात, कारण राजवाडा-देवळं उत्साह ताजा असतानाच होतात, मग उरलेल्या सुखुमवितला. मधली हलवाहलव सकाळी दहा ते दुपारी तीनमध्ये उरका. बॅगा मोठ्या असतील तर टॅक्सी, आणि मीटर लावायला नकार दिला तर उतरून पुढची. पाठीवर एकच सॅक असेल तर फान फाचा धक्का गाठा. बसताना कडेची जागा टाळा, ताडपत्री वेळेत ओढायला सवय लागते.