आजीच्या लुगड्यांची गोधडी: शिवून घेण्याचा एक अनुभव

आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेतील चार लुगडी माझ्या वाट्याला आली: दोन रोजच्या वापरातली सुती, एक इरकली आणि एक काळी चंद्रकळा. नेसण्यापलीकडे विरलेले हे जुनेर वर्षभर कपाटात पडून होते. शेवटी मुळशीकडच्या एका गावात हाताने गोधड्या शिवून देणाऱ्या महिलांच्या गटाकडे मी ते नेऊन दिले. साडेसहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद गोधडीची मजुरी 3,800 रुपये ठरली, वरच्या बाजूच्या नक्षीचे 700 रुपये वेगळे, आणि मुदत सहा आठवड्यांची. गोधडी हातात पडली ती अकराव्या आठवड्यात. मधल्या काळात दोनदा फोन मीच केला.

उशीर मी विसरले, कारण शिवण अप्रतिम आहे. लुगडी द्यायला गेले त्या दिवशी ओसरीवर दुसऱ्या कोणाची तरी गोधडी मांडलेली होती, त्यामुळे काम जवळून पाहता आले. नऊवार म्हणजे 27 फूट. त्याच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांबीची आणि लुगड्याच्या पन्ह्याएवढ्या रुंदीची चौघडी कात्री न लावता तयार होते. गोधडीचे नेहमीचे माप कुठून आले असावे, हे ती घडी पाहताना लगेच कळते. थर एकावर एक पसरून तळहाताने मधून कडेकडे सारखे करायचे, हातभर अंतरावर लांब कच्चे टाके घालायचे, आणि मग कडेपासून आत, चौकोनात चौकोन काढत धावदोरा सुरू करायचा. शिवणारी बाई गोधडीवरच बसलेली असते. तिच्या वजनाने थर सरकत नाहीत.

माझ्या गोधडीत सहा थर आहेत. इंचाला चार टाके आणि दोन ओळींत अर्धा इंच, असा हिशेब मी पट्टी लावून केला. त्या मापाने टाके 28,000 च्या आसपास जातात. पाठ उलटून पाहिली तर टाका वरच्याइतकाच स्वच्छ उतरलेला दिसतो, गाठी सगळ्या थरांच्या आत दडवलेल्या आहेत, आणि कुठेही दोरा ओढला जाऊन कापड गोळा झालेले नाही. बाजारात हल्ली ठिगळांचे नुसते चित्र छापलेल्या, आत पॉलिएस्टरचा थर भरून यंत्रावर शिवलेल्या रजया ‘गोधडी’ म्हणून विकल्या जातात, त्यांच्याशी हिची तुलना करण्याचे कारणच नाही.

माझी तक्रार आहे ती नक्षीबद्दल, म्हणजे ज्याचे पैसे वेगळे घेतले त्याबद्दल. वरच्या बाजूला फुलांची ठिगळे लावली आहेत, ती लुगड्यांची नसून बाहेरून आणलेल्या छापील कापडाची आहेत. त्यांतली तीन तरी पॉलिएस्टरमिश्रित असावीत, कारण हात फिरवला की तेवढीच जागा गुळगुळीत आणि गार लागते. कडेला लावलेल्या नव्या मरून पट्टीचा रंग पहिल्याच धुण्यात सुटला. पाण्याचा रंग पाहून मी गोधडी लगेच बाहेर काढली, तरीही एका कोपऱ्यात गुलाबी डाग राहिलाच. जुन्या, शेकडो वेळा धुतलेल्या कापडाला नवे कापड जोडण्याआधी ते गरम पाण्यातून काढून त्याचा रंग आणि आटणे तपासून घ्यावे, एवढी काळजी या दर्जाच्या कामात अपेक्षित होती.

कडेच्याच संदर्भात सांगायचे तर कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ भागातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या स्त्रिया जे ‘कवंद’, म्हणजे ठिगळांची गोधडी, शिवतात, त्याची नक्षी पाहण्यासारखी असते. तिथेही शिवण कडेपासून आत सरकते, पण ठिगळे जुन्या कपड्यांचीच असतात, आणि चारही कोपऱ्यांत घडी घातलेले त्रिकोणी तुकडे, ज्यांना ‘फुला’ म्हणतात, बसवल्याशिवाय कवंद पुरे झाले असे मानत नाहीत. ती कवंदे आता कलादालनांतून भिंतीवरही लागतात. आमच्या गटानेही गिऱ्हाईकाच्या आवडीचा अंदाज बांधून फुले आणण्यापेक्षा इरकलीच्या काठाचे तुकडे वापरले असते तर मला अधिक आवडले असते.

चंद्रकळा वरच्या बाजूला दिसावी, असे मी लिहून दिले होते. गोधडी आली तेव्हा ती कुठेच दिसेना. मी थोड्या रागानेच फोन केला. शिवणाऱ्या मावशी शांतपणे म्हणाल्या, “ताई, तिचा पोत पार विरलाय. वर घेतली तर दोन पावसाळ्यांत फाटंल. आत ऱ्हाऊ द्या, ऊब दील.” त्यांचे म्हणणे खरे असावे, हाताखालून शेकडो जुनेरे गेलेल्या माणसाला ते माझ्यापेक्षा नक्की कळते. तरीही हे शिवण्याआधी विचारायला हवे होते, कारण एकदा सहा थरांत शिवलेले लुगडे पुन्हा बाहेर काढता येत नाही.

दराबद्दल एक नोंद करते. मावशींच्या सांगण्याप्रमाणे या गोधडीवर त्यांचे बारा दिवस गेले. मजुरीचे सगळे पैसे त्यांनाच मिळाले असे धरले तरी दिवसाला 320 रुपयेसुद्धा पडत नाहीत, आणि त्यातून दोरा व गटाचा वाटा वजा व्हायचा आहे. शिवणीचा दर वाढवून नक्षीचे 700 रुपये रद्द करावेत, असे मी त्यांना कळवले आहे.

भाचीच्या बाळासाठी दुपट्याची दुसरी मागणीही त्यांच्याकडेच नोंदवली आहे: चारच थर, सगळे सुती, नवी पट्टी नको, आणि कोणते कापड आत जाणार ते शिवण्याआधी फोटो पाठवून कळवावे. मुदत त्यांनी महिन्याची सांगितली आहे. मी घरी दोन महिने सांगितले आहेत.