तळणीच्या तेलावर चालणारा बर्नर: एक हंगाम आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

जानेवारीत बसवला, आता नोव्हेंबर संपत आला. फणसाचा अख्खा हंगाम, आंब्याच्या रसाचे डबे आणि मग चार महिने बंद पडून राहिलेला पावसाळा, एवढं या बर्नरनं काढलंय. ओळखीच्या दोन-तीन युनिटवाल्या बायकांचे फोन आले, ‘कसा चालतो गं, घेऊ का?’ फोनवर सांगून होण्यासारखं ते नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची शेड देवगड तालुक्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. मार्चपासून कच्च्या फणसाचे गरे तळतो. एप्रिलच्या मध्यापासून हापूसचा रस डब्यांत भरून देतो. लोक आपले आंबे घेऊन येतात आणि 850 ग्रॅमचे सीलबंद डबे घेऊन जातात. हापूसचा रस आंबट, पीएच 4.5 च्या खाली, त्यामुळे भरलेला डबा उकळत्या पाण्यात ठेवला की भागतं, प्रेशरची गरज पडत नाही. पण 200 लिटरची टाकी रोज सकाळी उकळीला आणायची म्हणजे जाळ खूप लागतो. आधी आम्ही लाकडं जाळायचो. धुरानं शेडमधल्या बायकांचे डोळे दिवसभर लाल असायचे. नंतर सिलेंडर आले, पण ऐन हंगामात एक संपला आणि दुसरा आला नाही, की रस तसाच पातेल्यात.

आणि दुसरीकडे तळणीचं तेल साठत होतं. तळून तळून तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून त्यात तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांच्या वर गेली की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, नियम 1 जुलै 2018 पासून आहे. आमच्याकडे हंगामात आठवड्याला 15 ते 20 लिटर असं तेल निघतं. एवढ्याशा तेलासाठी आमच्या आडगावापर्यंत गाडी पाठवायला कुणी तयार नव्हतं. स्वस्तात मागायला येणारे मात्र होते. ते तेल पुढं कुठल्या कढईत जाणार हे न सांगता कळतं. कुणाच्या पोरांच्या पोटात ते जाऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. या बर्नरची सुरुवात तिथून झाली.

आता बर्नर कसा आहे ते. साध्या डिझेल बर्नरमध्ये पंप तेलाला दाब देतो आणि ते बारीक छिद्रातून फवाऱ्यासारखं बाहेर पडतं. डिझेलला ते चालतं. तळणीचं तेल डिझेलच्या दहापट तरी घट्ट, त्यात गऱ्यांचा चुरा. नोझल तासाभरात बुजतं. आमचा बर्नर बॅबिंग्टन पद्धतीचा आहे. रॉबर्ट बॅबिंग्टन नावाच्या अमेरिकी संशोधकावरून हे नाव पडलं. यात उलटा विचार आहे. पितळेचा एक पोकळ गोळा, लिंबापेक्षा जरा मोठा. त्याच्या पुढच्या बाजूला दोन छिद्रं, प्रत्येकी 0.34 मिलिमीटरचं, सुईचं टोकही जेमतेम जाईल असं. तेल वरून गोळ्यावर ओघळतं आणि त्याची पातळ साय गोळाभर पसरते. आतून कॉम्प्रेसरची हवा छिद्रातून सुटते आणि ती साय फाडून तिचं धुकं करते. उरलेलं तेल खाली वाटीत पडून परत ड्रममध्ये जातं. बारीक छिद्रातून फक्त हवाच जाते, तेल कधीच जात नाही, म्हणून चुऱ्यानं ते बुजत नाही. पहिल्यांदा ज्योत न लावता नुसता फवारा बघितला तेव्हा मी बराच वेळ तिथंच उभी राहिले. थंडीच्या पहाटे तोंडातून वाफ निघावी तसं ते तेल गोळ्यावरून निघत होतं.

कणकवलीच्या एका वर्कशॉपमधून बनवून घेतला. पहिल्या आठवड्यात आमची निराशा झाली, हे स्पष्ट सांगते. 200 लिटर पाणी 30 अंशांवरून 100 वर न्यायला 14,000 किलोकॅलरी लागतात. लिटरभर तेलात 8,000 च्या आसपास मिळतात. म्हणजे काहीच वाया गेलं नाही तर पावणेदोन लिटर पुरे. आम्हाला साडेपाच लिटर लागत होतं, आणि टाकीच्या बुडाला काजळीचा थर.

पहिली चूक तांब्याची. तेल गोळ्यावर पडण्याआधी 70-80 अंशांपर्यंत तापवलं की पातळ होतं, साय नीट पसरते. त्यासाठी धुरांड्याभोवती तांब्याच्या नळीचे वेढे दिले होते. महिन्याभरात त्यातून येणारं तेल हिरवट दिसायला लागलं, आणि नळी कापली तर आत डिंकासारखा चिकट थर. तापलेलं खाद्यतेल तांब्याला लागलं की लवकर खराब होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. स्टेनलेस स्टीलची नळी घातली, तो त्रास संपला.

खरं डोकं खाल्लं ते ज्योतीच्या रंगानं. ज्योत पिवळीधमक. ज्याला विचारावं तो म्हणे, पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी. म्हणून आम्ही ब्लोअरची, म्हणजे जळायला हवा देणाऱ्या पंख्याची, झडप उघडत गेलो. रंग तोच. आणखी उघडली. आता धुरांड्यातून पांढरट धूर, डोळ्यांत चुरचुरणारा वास आणि पाणी उकळायला आधीपेक्षा जास्त वेळ. जरुरीपेक्षा जास्त हवा दिली की ती भट्टीतली उष्णता घेऊन धुरांड्यातून निघून जाते, आणि ज्योत इतकी थंड होते की तेल अर्धवट जळतं. हे कळत होतं, पण समोर पिवळा रंग दिसत असताना हवा कमी करायला हात धजत नव्हता. दोन आठवडे यात गेले. मी वर्कशॉपच्या काकांना फोनवर बरंच बोलले. नंतर त्याचं वाईट वाटलं.

काका स्वतः आले. ज्योतीकडं त्यांनी बघितलंच नाही. आधी बाहेर जाऊन धुरांड्याचं तोंड बघितलं, मग भट्टी निवू दिली आणि आत हात घालून ज्योतीच्या नळीच्या कडेवरून नखानं पांढरा खर खरवडला. बोटावर घेऊन त्यांनी मला विचारलं, “वयनी, गऱ्यांका मीठ कसा घालतास?”

मी म्हटलं, “कसं म्हणजे, आपण सगळेच घालतो तसं. तळताना कढईत मिठाचं पाणी शिंपडतो.”

“मगे ह्यो बर्नराचो दोष नाय. तुमच्या तेलात मीठ आसा.”

कोकणात गरे तळणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. गरे कुरकुरीत होत आले की मिठाचं पाणी कढईत पडतं, तेल चरचरतं, पाण्याची वाफ होते, मीठ तेलात राहतं. थोडं पाणीही राहतं, शेवटच्या घाण्याला तर जास्तच. त्या मिठातलं सोडियम ज्योतीत तापलं की गडद पिवळा प्रकाश देतं. रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांत तेच सोडियम असायचं. म्हणजे हवा पुरेशी असली तरी ज्योत पिवळीच दिसणार. काकांनी बाटलीतलं न वापरलेलं तेल गोळ्यावर सोडून दाखवलं. ज्योत लगेच फिकट झाली, मुळाशी निळसर झाक. बर्नर तोच, झडप तिथंच. मी बघतच राहिले.

तेव्हापासून आमची सुधारणा ड्रमपासून सुरू होते. वापरलेलं तेल आधी मलमलीतून गाळायचं. मग निमुळत्या बुडाच्या ड्रममध्ये 60-70 अंशांवर तापवून, त्यात थोडं साधं गरम पाणी ढवळून दोन रात्री स्वस्थ ठेवायचं. पाणी मीठ घेऊन खाली बसतं. तिसऱ्या दिवशी खालचा कॉक हळूच उघडायचा. पहिल्या वेळी तांब्याभर तपकिरी, खारट वासाचं पाणी आलं. कॉकमधून पाणी संपून तेल सुरू होतं तो क्षण डोळ्यांनी दिसतो, धार एकदम जाड आणि संथ होते. मग वरच्या तेलातलं चमचाभर तापल्या तव्यावर टाकायचं. तडतडलं तर अजून पाणी आहे, आणखी एक रात्र ठेवायचं. गप्प पसरलं तर वापरायला हरकत नाही. तापल्या तेलापाशी पाणी वापरताना जपून, 70 च्या वर अजिबात नाही.

हवा आता आम्ही रंगावर ठरवत नाही. धुरांड्याचं तोंड बघायचं आणि धुरांड्यात बसवलेला थर्मामीटर. काळा धूर दिसला तर हवा कमी, पांढरा आणि चुरचुरणारा असेल तर हवा जास्त किंवा भट्टी थंड. या दोहोंच्या मध्ये, काही दिसेनासं होईल तिथं झडप ठेवायची. धुराचं तापमान 22 अंशांनी उतरलं की साधारण 1 टक्का इंधन वाचतं, असा बॉयलरवाल्यांचा ढोबळ हिशोब आहे. त्यामुळे थर्मामीटरचा काटा खाली आला की मला बरं वाटतं. एवढ्या बदलात साडेपाच लिटरचं साडेचार झालं.

उरलेली बचत विटांनी केली. आधी ज्योत थेट टाकीच्या बुडाला चाटत होती. पाणी भरलेलं बूड जाळापुढं थंडच, त्याला ज्योत टेकली की अर्धवट जळलेलं तेल तिथंच काजळी होऊन बसतं. आम्ही टाकी वीतभर उचलली, खाली भट्टीच्या विटांचं कोठार केलं, ज्योतीला जळून संपायला जागा दिली. विटा लाल झाल्या की आवाजसुद्धा बदलतो, भुरभुर जाऊन एकसारखी घरघर येते. टाकीभोवती पत्र्याचं कडं घालून मध्ये उष्णता अडवणारं सिरॅमिक ब्लँकेट भरलं. आता सव्वातीन लिटरमध्ये, दीड तासात उकळी येते. पुढं उकळी राखायला मात्र गॅसच वापरतो. आमच्या तेलात दिवसभर भट्टी चालत नाही आणि दुसऱ्याचं तेल गोळा करत फिरायची माझी तयारी नाही. कुणी सुचवतं, गॅरेजचं जळकं ऑइल घाला. ते खाण्याच्या शेडमध्ये नको. त्यात इंजिनातले धातू असतात.

विटा थंड असताना हे तेल पेट घेत नाही. सुरुवातीची दहा मिनिटं डिझेलवर चालवावा लागतो, बंद करण्याआधीही पाच मिनिटं डिझेल. याचा कंटाळा येतो, पण टाळता येत नाही.

एप्रिलमध्ये एकदा भीती वाटावी असं झालं. लाईट गेली. ब्लोअर थांबला, तेलाचा पंप थांबला, पण कॉम्प्रेसरच्या टाकीत हवा शिल्लक होती. ती गोळ्यावरच्या तेलाचं धुकं करत राहिली आणि ते गरम भट्टीत साठलं. लाईट आल्यावर दिरांनी सरळ पेटवला. ढप्प असा आवाज झाला, भट्टीचं दार उघडून भिंतीवर आपटलं, दिरांच्या हातावरची लव जळाली. थोडक्यात निभावलं. दुसऱ्याच दिवशी हवेच्या लाईनवर सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवला. वीज गेली की तो आपोआप बंद होतो. आणि पेटवण्याआधी पूर्ण एक मिनिट नुसता ब्लोअर चालवायचा, हे खडूनं भिंतीवर लिहून ठेवलंय. माझं म्हणणं असं, की हा व्हॉल्व्ह बनवणाऱ्यानंच आधी बसवून द्यायला हवा. तो नसेल तर बर्नर घेऊ नका.

खाडीकाठच्या हवेचा त्रास वेगळा. कॉम्प्रेसरच्या टाकीतून रोज अर्धा पेला पाणी निघतं. ते न काढल्यास थेंब गोळ्याच्या छिद्रातून येतात आणि ज्योत तडतडते. लाईनवर पाणी अडवणारा फिल्टर लावला, तरी रोजचा कॉक सोडावाच लागतो. ब्लोअरच्या पत्र्याला पहिल्याच पावसाळ्यात गंज धरला.

पावसाळ्यातली चूक माझी. जूनच्या पहिल्या आठवड्यात घाईत शेड बंद केली आणि लाईनमध्ये तेल तसंच राहिलं. ऑक्टोबरमध्ये उघडलं तर गोळ्यावर लाखेसारखा कडक, मधाच्या रंगाचा थर. नखानं निघेना. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात सगळे भाग टाकले. थर सुटला, पण तेलाची वाटी अॅल्युमिनियमची होती. ती फसफसून काळी पडली, कामातून गेली. आता वाटी स्टीलची आहे. बंद करताना डिझेल फिरवायचं, गोळा काढून पुसायचा आणि घरात कपाटात ठेवायचा.

या महिन्यात एक नवीन अडचण आलीय. काही घाणे आम्ही खोबरेल तेलात काढतो, आणि खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं. पहाटे ड्रमपासून पंपापर्यंतच्या नळीत ते लोण्यासारखं बसून राहतं. त्या नळीभोवती गरम पाण्याची दुसरी नळी गुंडाळतोय. हंगामाआधी ते काम उरकायचंय.

ज्यांनी फोन केला होता त्यांना एवढंच सांगते, बर्नरची ऑर्डर देण्याआधी एकदा आमच्याकडे या. तुम्ही भजी तळत असाल, मासे तळत असाल, केळ्याचे वेफर्स काढत असाल, प्रत्येकीच्या तेलात वेगळं काही असणार. येताना तुमच्या तळणीचं लिटरभर तेल बाटलीत घेऊन या. आधी ते तव्यावर टाकून बघू.