पॅरा एसएफ की मार्कोस? आधी ठरवा लष्कर की नौदल

पॅरा एसएफ हे लष्कराचं कमांडो दल, मार्कोस हे नौदलाचं. दोन्हीकडे आधी साधा सैनिक किंवा अधिकारी व्हावं लागतं, मग स्वेच्छेनं नाव द्यायचं. नाव देणाऱ्यांतले बहुतेक परत पाठवले जातात. म्हणून पहिला प्रश्न असा: निवड झाली नाही तर पलटणीत नोकरी करायला आवडेल की जहाजावर? जहाजाच्या नुसत्या कल्पनेनंच जीव घाबरत असेल, तर मार्कोसचा विचार इथेच सोडा. अग्निवीर म्हणून जाणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्केच कायम होतात.

पॅरा एसएफची पारख बटालियनमध्येच होते, साधारण तीन महिन्यांच्या प्रोबेशनमध्ये. भर असतो वजन घेऊन लांब चालण्या-धावण्यावर, अपुऱ्या झोपेवर आणि त्या अवस्थेत डोकं ताळ्यावर ठेवण्यावर. मराठी मुलांना इथे जुना धागाही सापडेल: २१ पॅरा एसएफ ही बटालियन मराठा लाइट इन्फंट्रीच्या २१व्या बटालियनमधून घडली. मार्कोसची स्थापना १९८७ची, मुंबईचा तळ आयएनएस अभिमन्यू. तिथे सुरुवातीच्या चाळणीनंतर काही आठवडे झोप तोडून दमवतात, आणि पुढे कोचीला पाणबुड्याचं प्रशिक्षण असतं. पॅराशूटच्या उड्या दोघांनाही आग्र्यालाच शिकवतात.

तयारीत फरक पडतो तो पाण्यामुळे. लष्कराच्या अग्निवीर भरतीत १.६ किमी साडेपाच मिनिटांत आणि १० पुलअप्स काढले की पूर्ण गुण मिळतात. सातारा-सांगलीकडची पोरं ते काढतात. पण एवढ्यावर प्रोबेशन निघत नाही. सहा-आठ आठवडे साधं धावून झाल्यावर पिठ्ठू, म्हणजे पाठीवरची वजनाची पिशवी, उचला, तोही शरीराच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्क्यांचा, आठवड्यातून एकदाच, ५ किमी झपाझप चालत. पुढे एका आठवड्यात अंतर वाढवा किंवा वजन; दोन्ही एकदम वाढवलं की नडगी जाते. वाळूची पिशवी पाठीला घट्ट चिकटून, खांद्याच्या पात्यांपाशी वर बांधा. ती खाली लोंबली की कंबर धरते. नडगीवर एकाच ठिकाणी बोट दाबल्यावर कळ येत असेल आणि सकाळीही ती टिकत असेल, तर हाडाला तडा जाण्याची सुरुवात असू शकते. तेव्हा धावणं बंद आणि डॉक्टर. 'दुखलं तरी धाव' हा मैदानावरचा सल्ला इथे घातक ठरतो.

मार्कोससाठी एवढं हवंच, शिवाय पोहणं. विहिरीत शिकलेली मुलं डोकं वर ठेवून हात मारतात. त्यामुळे पाय खाली जातात आणि पन्नास मीटरांत दम संपतो. आधी पोहण्याच्या तलावावर श्वास सोडण्याची लय बसवा. २०० मीटर न थांबता जमलं की १ किमीकडे जा, नंतर हात पाण्याबाहेर ठेवून नुसत्या पायांवर तरंगा, शेवटी प्रशिक्षकासमोर कपड्यांसकट. श्वास रोखण्याचा सराव एकट्यानं कधीच करू नका. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि श्वासाची निकड जाणवत नाही. ऑक्सिजन मात्र संपत राहतो, आणि माणूस पाण्याखाली काही कळायच्या आत बेशुद्ध होतो. पट्टीचे पोहणारेही असेच जातात.

झोप तोडण्याचा 'सराव' दोघांसाठीही फुकट आहे. त्यानं ताकद वाढत नाही, दुखापती वाढतात. खास 'कमांडो बॅच'ची फी भरण्याआधी तिथे पोहायला तलाव आणि जीवरक्षक आहे का, एवढं बघा.

मार्कोस मनात असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून कानाचे पडदे तपासून घ्या. छिद्र असलेल्या पडद्यानं बुडी मारता येत नाही. तरीही ठरत नसेल तर चार महिने तलावावर घालवा. दम वाढूनही तोंडावर पाणी आल्यावर हातपाय झाडत असाल, तर सरळ लष्कराचा फॉर्म भरा.