बावीस मेल, बावीस वेळा १४.६ एमबी

वेबसाइटच्या बॅकअपच्या, म्हणजे जपून ठेवायच्या प्रतीच्या, नावाखाली एकूण ३१,८३१ रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणारा पहिल्यांदा तोच विचारतो. दुसरा प्रश्नही ठरलेला: "काका, तुम्ही तर बँकेत होतात ना?" होतो. ३१ वर्षं, त्यातली निम्मी कॅश काउंटरवर.

आमच्या सौं.चं सांगलीत वधू-वर सूचक मंडळ आहे. १९९८ पासून वह्यांवर चालायचं, २०१९ मध्ये वेबसाइट केली. वर्डप्रेस (साइट चालवायचं सॉफ्टवेअर), शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, भाड्याने), वर्षाला ३,५४० रुपये. महिन्याला ४०-४५ नवी स्थळं, प्रत्येकाचे दोन-तीन फोटो. बॅकअपचा विचारच केला नव्हता असं मात्र कुणी म्हणू नये. मार्च २०२३ मध्ये समोर तीन पर्याय होते. होस्टिंगवाले स्वतः ठेवतात तो. अपड्राफ्टप्लस नावाचं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, जे फुकटात गूगल ड्राइव्हवर प्रत पाठवतं (पुतण्याचा सल्ला). आणि ज्यांचा आपणहून फोन आला ते 'मॅनेज्ड बॅकअप'वाले. फुकटचं म्हणजे बेभरवशाचं, हा माझा हिशेब. पैसे घेणारा निदान बांधील तरी असतो, असं वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं.

फोनवरच्या पोराला आमच्या होस्टिंग कंपनीचं नाव माहीत, डोमेन, म्हणजे साइटच्या नावाची नोंदणी, कधी संपतंय ते माहीत. मला वाटलं, होस्टिंगमधूनच बोलतोय. तो तसं म्हणाला नाही आणि मी विचारलं नाही. ही माहिती कुणालाही दोन मिनिटांत काढता येते, हे आता कळलंय. महिना ४९९ अधिक जीएसटी, म्हणजे वर्षाचे ७,०६६. दोन वर्षं भरले: १४,१३२. सीपॅनेलचा, म्हणजे होस्टिंग खातं जिथून चालवतात त्या पानाचा, पासवर्ड मागितला, तो मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. हे लिहितानाही कान गरम होतात. त्या साइटवर लोकांच्या मुलींचे फोटो, जन्मवेळा, वडिलांचे नंबर होते.

आणि मग ते मेल. दर महिन्याच्या एक तारखेला, हिरव्या बरोबरच्या खुणेसकट: 'आपला बॅकअप यशस्वी. आकार १४.६ एमबी.' एप्रिलमध्ये १४.६. मे मध्ये १४.६. दिवाळीत, स्थळांची रीघ लागलेली असताना, १४.६. आम्ही महिन्याला शंभरावर फोटो चढवतोय आणि पेटीचं वजन तोळाभरही वाढत नाही! दुसऱ्या दिवशी कॅशमध्ये तोच आकडा दिसला असता तर मी काउंटर बंद करून नोटा पुन्हा मोजल्या असत्या. इथे मेल आला की सौं.ना ओरडून सांगायचो, "झाला गं बॅकअप!" त्या एकदा म्हणाल्याही, "अहो, एकदा उघडून तरी बघा." मी म्हणालो, तुला त्यातलं काय कळतंय.

जानेवारी २०२५, संक्रांत झाली, लग्नसराईचे फोन सुरू झाले आणि साइट उघडली की जुगाराचं पान यायला लागलं. होस्टिंगवाल्यांनी सांगितलं, साफ करण्यात अर्थ नाही, जुनी प्रत चढवा. त्यांच्याकडची प्रत? नाही. खात्यात एक लाखाच्या वर फाइली झाल्या की ते खातं त्यांच्या बॅकअपमधून आपोआप वगळलं जातं, असं अटींमध्ये लिहिलेलं आहे. एकेका फोटोचे वर्डप्रेस सात-आठ आकार करून ठेवतं, लाख व्हायला वेळ लागत नाही. तुमचं शेअर्ड होस्टिंग असेल तर हा आकडा आजच बघा.

बॅकअपवाल्यांना फोन केला. रिस्टोअर, म्हणजे प्रत परत चढवणं, प्लॅनमध्ये नाही म्हणे, त्याचे ५,८९९. भरले. दोन दिवसांनी, "डेटाबेस करप्ट आहे, रिकव्हरी टीमकडे द्यावा लागेल", ११,८०० रुपये. तेही भरले, कारण एका मुलीच्या वडिलांचा सकाळपासून तिसऱ्यांदा फोन आला होता. यूपीआयवर नाव कंपनीचं नव्हतं, कुणा बाईंचं होतं. पिन टाकण्याआधी मी ते वाचलं होतं. त्यानंतर फोन बंद.

शेवटी पुतण्याने त्यांच्या बॅकअपची झिप फाइल उघडली. आत फक्त थीम, म्हणजे साइटचे रंग आणि कपडे. बायोडाटा ज्यात असतात ती एसक्यूएल फाइल नाही, फोटोंचा अपलोड्स फोल्डर नाही. प्रत्येक फाइलची तारीख १४ मार्च २०२३. एकदाच बनवलेली, बावीस वेळा कळवलेली. आणि ठेवलेली कुठे, तर आमच्याच होस्टिंगच्या एका फोल्डरात! जागाही आमचीच. पुतण्याने तेव्हा सांगितलं, १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या त्यांचं मूळही गेलं आणि प्रतही. मला फ्रान्सचं काय सांगतोस? बँकेत डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद, झाल्यावर बॅकअपची टेप पिशवीत घालून दुसऱ्या शाखेत पोचवायचं काम मी स्वतः चार वर्षं केलंय.

आता सरकारी दारं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. तो नंबर पैसे पुढे सरकण्याआधी खात्यात अडवून धरण्यासाठी आहे, तासांचा खेळ. मी नवव्या दिवशी केला, कारण तोवर 'रिकव्हरी' चालू होती ना! सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार झाली, क्रमांक मिळाला. पुढे पोलीस ठाणे.

"काका, चोरीला काय गेलं?"

"बॅकअप."

"तो कुठं ठेवला होता?"

"साहेब, तोच तर प्रश्न आहे."

त्यांनी मला जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात पाठवलं. तिथे म्हणे, तुम्ही सेवा विकत घेतली, बिल आहे, हा व्यवहारातला वाद झाला, ग्राहक मंचात जा. बँकेत गेलो: पिन तुम्हीच टाकलात. माझ्याच जुन्या बँकेत, ज्याला मी व्हाउचर लिहायला शिकवलं त्या पोराने! १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. कंपनीने उत्तर दिलं नाही, म्हणून तक्रार बंद. उत्तर दिलं नाही हीच तर तक्रार आहे! सगळ्यांनी मला ज्येष्ठ नागरिक म्हणून आधी बसायला खुर्ची दिली, तेवढं खरं.

बिल मी नंतर भिंगाने वाचलं. जीएसटी क्रमांक महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होतो, पण अक्षरं १४. असायला हवीत १५. पैसे देण्याआधी जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकून बघा, फुकट आहे. ग्राहक आयोगात आता ई-जागृती या त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवरून गेलोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि आपल्याच जिल्ह्यात दावा करता येतो, हे मला एकाही खुर्चीने सांगितलं नाही.

सध्या तेच फुकटचं प्लगइन चालू आहे. दर रविवारी प्रत ड्राइव्हवर, आणि महिन्यातून एकदा पुतण्याच्या लॅपटॉपवर साइट उभी करून मी शेवटचे तीन बायोडाटा फोटोसकट उघडून बघतो.

माळ्यावरच्या वह्यांमधून ६१८ नोंदी परत चढवल्यात. २०१९ नंतरची वहीच नाही. तेव्हापासून जुन्या-नव्या कुणीही आमच्याकडे नाव नोंदवलं असेल, तर बायोडाटा पुन्हा पाठवा, पत्रिका असेल तर तीही. शुल्क घेणार नाही.