दहा पानं की दोन वाक्यं?

बाल-कुमार साहित्याच्या लेखक-चित्रकारांची एससीबीडब्ल्यूआय ही संस्था १९७१ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली. तिच्या संमेलनाला जायचं तर तयारीचा वेळ कशावर खर्च करावा? हस्तलिखित समीक्षेला धाडावं, म्हणजे तिथल्या जाणकाराकडून त्यावर अभिप्राय घ्यावा, की संपादक किंवा एजंट (लेखकाचं पुस्तक प्रकाशकापर्यंत नेणारा मध्यस्थ) भेटले तर आपल्या पुस्तकाबद्दल सांगायची दोन वाक्यं घोटून ठेवावीत?

समीक्षेला सहसा वेगळे पैसे पडतात, पानंही आधीच द्यावी लागतात. कादंबरी असेल तर साधारण सुरुवातीची दहा, ओळींत दुप्पट अंतर सोडून टाइप केलेली. पण समोरच्याने ती खरंच वाचलेली असतात. ‘तेरा वर्षांची मुलगी असं बोलत नाही’ हे तिथे तोंडावर कळतं. चित्रपुस्तकवाल्यांची तर चंगळच. मजकूर बहुधा पाचेकशे शब्दांचा, त्यामुळे अख्खं पुस्तक तपासून मिळतं.

दोन वाक्यं फुकटात तयार होतात. नायक कोण, त्याला काय हवंय, आडवं काय येतं, बस्स. जेवणाच्या रांगेत कुणी ‘काय लिहिताय?’ विचारलं तर त-त-प-प होत नाही. मात्र घोकंपट्टी लगेच ओळखू येते. आणि स्वच्छतागृहाच्या दारात एजंटला गाठून ऐकवणं म्हणजे स्वतःची शोभा करून घेणं.

माझं मत दहा पानांच्या बाजूने. खर्डाच अर्धवट असेल तर मात्र ते पैसे वाचवा आणि पुस्तकविक्रीच्या टेबलावर हात सैल सोडा.