इटालियनमध्ये काळ्याची तिसरी खेळी: उंट सी५ की घोडा एफ६?

१.ई४ ई५ २.घोडा एफ३ घोडा सी६ ३.उंट सी४, ही बुद्धिबळातली इटालियन सुरुवात. (× म्हणजे मारणे, + म्हणजे शह, ! चांगली खेळी, ?? घोडचूक, आकड्यानंतरचे ... म्हणजे काळ्याची खेळी.) आता काळ्याने उंट सी५ करावे की घोडा एफ६? पांढऱ्याने पुढे शांतपणे डी३ केले, तर दोन्ही वाटा बहुधा एकाच स्थितीला येऊन मिळतात. म्हणून पांढरा शांत बसणार नाही, असे धरूनच निवड करावी.

घोडा एफ६ मुळात चांगली खेळी आहे. ई४वर लगेच दाब येतो आणि इव्हान्स गॅम्बिट (४.बी४, म्हणजे प्यादे देऊन वेगाने हल्ला) टळतो. ४.डी४लाही घाबरायचे कारण नाही: ४...ई×डी४ ५.ई५ डी५! ६.उंट बी५ घोडा ई४, एवढे पाठ असले की डाव सावरतो.

त्रास आहे तो ४.घोडा जी५चा. एफ७च्या प्याद्यावर उंट आणि घोडा दोघांचा रोख, आणि त्याला राखायला एकटा राजा. ४...डी५ ५.ई×डी५ नंतर हात आपोआप ५...घोडा×डी५कडे जातो. मग ६.घोडा×एफ७ राजा×एफ७ ७.वजीर एफ३+, आणि डी५चा घोडा वाचवायला राजाला ई६वर, पटाच्या मधोमध यावे लागते. ८.घोडा सी३ नंतर पंधरा मिनिटांच्या डावात हा बचाव निभावणे फार अवघड. बरोबर उत्तर ५...घोडा ए५ ६.उंट बी५+ सी६ ७.डी×सी६ बी×सी६. काळ्याचे एक प्यादे कमी, घोडा पटाच्या कडेला, बदल्यात मोहरे भराभर बाहेर. पण इथून तीन फाटे फुटतात. ८.उंट ई२ला एच६ ९.घोडा एफ३ ई४, त्यातही ९.घोडा एच३ ही माजी विश्वविजेत्या स्टाइनिट्झची जुनी खेळी आहेच, अमेरिकेच्या फिशरने १९६३ मध्ये बिस्गायरविरुद्ध ती पुन्हा वापरली. ८.उंट डी३ला घोडा डी५, म्हणजे वजिराची जी५पर्यंतची वाट मोकळी होते. ८.वजीर एफ३ची तयारी पुन्हा निराळी. हे सगळे काळ्याने पाठ करायचे, तेही एक प्यादे मागे राहून; समोरच्याने मात्र फक्त घोडा जी५वर न्यायचा. दिव्या देशमुख, रौनक साधवानी, संकल्प गुप्ता ज्या नागपुरातून ग्रँडमास्टर झाले, तिथल्या रॅपिड (कमी वेळाच्या) स्पर्धांमध्ये दहा वर्षांचे पोरही ही खेळी बिनधास्त करते.

उंट सी५ला हा प्रश्नच नाही. एफ६वर घोडा नसल्याने ४.घोडा जी५??ला सरळ ४...वजीर×जी५.

धोके इथेही आहेत, पण मोजके. ४.बी४, म्हणजे इव्हान्स. १९९५ मध्ये रिगात कास्पारोव्हने आनंदला याच गॅम्बिटने हरवले, तेव्हा हलके घेऊ नका. प्यादे नकोच असेल तर ४...उंट बी६ करा, आणि ५.ए४ आले की लगेच ए६, नाहीतर ए५ होऊन उंट अडकतो. ४.सी३ घोडा एफ६ ५.डी४ ई×डी४ ६.सी×डी४ इथे उंट बी६ला नेऊ नका. पांढऱ्याची मधली प्यादी तुमचे मोहरे हाकलत पुढे येतात. ६...उंट बी४+ हवे. ७.उंट डी२ उंट×डी२+ ८.बी१चा घोडा×डी२ डी५! ९.ई×डी५ घोडा एफ६वरून ×डी५, आणि पांढऱ्याला डी४चे एकटे प्यादे सांभाळत बसावे लागते. ७.घोडा सी३ आले तर घोडा×ई४ ८.कॅसलिंग उंट×सी३ ९.डी५ उंट एफ६, एवढे मात्र पाठ हवे.

शांत ५.डी३ला डी६, ए६, एच६. एच६ आधी, कॅसलिंग नंतर. आधी कॅसलिंग केले की उंट जी५ची पिन बसते (एफ६चा घोडा हलला तर मागचा वजीर मारला जातो), आणि ती सोडवायला एच६-जी५ ढकलले तर घोडा×जी५चा बळी अंगावर येतो.

दुधारी डाव आवडत असेल आणि घरी बसून खेळ्यांच्या मालिका घोटायला वेळ असेल, तर घोडा एफ६ जरूर खेळा. माझा कल उंट सी५कडे. घोडा एफ६च घ्यायचे ठरले, तर पहिल्या स्पर्धेआधी ५...घोडा ए५नंतरचे तिन्ही फाटे दहाव्या खेळीपर्यंत पटावर मांडून पाहा.