लोडरच्या हायड्रॉलिक टाकीत इंजिन ऑइल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारीत भांडुपच्या कामावर मध्यरात्री लोडरची होस (तेलाची रबरी नळी) फुटली आणि टाकीतले बहुतेक तेल वाहून गेले. 68 ग्रेडचे (ग्रेड म्हणजे दाटपणाचा क्रमांक) हायड्रॉलिक तेल हाताशी नव्हते, म्हणून डंपरसाठी आणलेले 15डब्ल्यू-40 इंजिन ऑइल भरले, आणि एकाच बॅरलवर दोन्ही यंत्रे चालतात या सोयीला भुलून सप्टेंबरपर्यंत तेच चालू ठेवले. (यात पैसे वाचले असे कोणी समजू नये; आम्हाला लिटरमागे इंजिन ऑइलच महाग पडत होते.)

मे अखेरपर्यंत मोठी तक्रार नव्हती. इंजिन ऑइलमध्येही झीज रोखणारे जस्तयुक्त घटक असतात, आणि काही उत्पादक आपल्या यंत्रांत 10डब्ल्यू या सिंगल ग्रेड इंजिन ऑइलला परवानगीही देतात. मात्र 15डब्ल्यू-40 त्याहून बरेच दाट असते : 40 अंश सेल्सिअसला साधारण 110 सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक), तर 68 ग्रेडचे नावाप्रमाणे 68. त्यामुळे सकाळी पहिली दहा मिनिटे बूम (बकेट उचलणारा हात) आळसावून उठे आणि पंप कण्हत असे.

खरी परीक्षा जूनमध्ये सुरू झाली. बूम उचलणारा जॅक तेलाच्या दाबाने बाहेर सरकला की टाकीतली पातळी उतरते आणि ब्रेथरमधून (टाकीच्या हवेच्या छिद्रातून) दमट हवा आत ओढली जाते. रात्री यंत्र निवले की त्या हवेतली वाफ टाकीच्या पत्र्यावर पाणी होऊन धरते. हायड्रॉलिक तेल हे पाणी सोडून देते, ते तळाशी बसते आणि सकाळी ड्रेन प्लग सैल करून काढता येते. इंजिन ऑइलमधले डिटर्जंट आणि डिस्पर्संट (मळ तेलातच तरंगत ठेवणारे घटक) मात्र पाण्याला तेलातच धरून ठेवतात. इंजिनात ते चालून जाते, कारण तेथे तेल पुरेसे तापून पाणी उडते. आमची टाकी तेवढी कधी तापत नाही. जुलैच्या मध्यास तेल ताकासारखे दिसू लागले, तापलेल्या पत्र्यावर टाकलेला थेंब त्यातल्या पाण्यामुळे मोहरीसारखा तडतडला आणि रिटर्न फिल्टर (टाकीत परतणारे तेल गाळणारा) मुदतीआधीच दोनदा बदलावा लागला.

सप्टेंबरअखेर पंप उघडला, तेव्हा मला भीती होती तेवढी झीज निघाली नाही. गंज मात्र टाकीच्या वरच्या पत्र्यावर स्पष्ट होता. टाकी रिकामी केली तरी जॅक, होस आणि व्हॉल्व्हमध्ये जुने तेल उरतेच, त्यामुळे 68 ग्रेड भरून दोन आठवड्यांनी ते पुन्हा बदलावे लागले. दुसऱ्या बदलानंतर ड्रेन प्लगमधून पुन्हा निव्वळ पाणी वेगळे येऊ लागले.